तांड्याचा शेवटचा नळ

इन्क्युबेटरचं दार उघडल्यावर सत्यशीलाला आधी बाटली दिसली आणि मग बाटलीवरचं अक्षर. पुसदच्या या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं तिची सकाळ अशीच सुरू व्हायची. पर्स टेबलावर, ओढणी खुर्चीला, आणि हात त्या पेटीच्या कडीला. दोन दिवस उबेत ठेवलेल्या बाटल्या बाहेर काढायच्या. पाणी चांगलं असेल तर बाटलीतलं औषध होतं तसं पिवळसर राहतं, पाण्यात विष्ठेतले जंतू असले की काळं पडतं, हे तिने सहलीला आलेल्या शाळकरी पोरांना इतक्यांदा सांगितलं होतं की काळ्या बाटलीचं तिला आता काही वाटत नसे. पावसाळ्यात दहातल्या तीन काळ्याच. ती लाल शिक्का मारायची आणि चहा प्यायची. आज मात्र ती काजळासारखी बाटली हातात धरून उभीच राहिली. चिठ्ठीवर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर स्वतःची वेगळी रेघ होती, एकीला दुसरी चिकटत नव्हती. चौथी शिकलेला माणूस जपून लिहितो तशी. ‘लोणदरी. तांडा. शेवटचा नळ, जमनीबाई.’ हे अक्षर तिने पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्या पाटीवर. तिच्या बाबांचं, गोविंदा इंगोल्यांचं अक्षर. गेली सव्वीस वर्षं लोणदरीच्या टाकीत पावडर टाकणारा आणि व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस तोच होता, आणि त्याच्या गावातून काळी बाटली या प्रयोगशाळेत कधी आली नव्हती. कधीच नाही.

“शाम, लोणदरीचा नंबर तर ऑक्टोबरात आहे ना?” तिने शिपायाला विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला याचंच तिला नवल वाटलं. शाम फरशी पुसत होता. “परवा गोविंदाकाका खुद आणून देऊन गेले ना. एकच बाटली. तुमी ट्रेनिंगले यवतमाळले गेलत्या. मी म्हटलं मॅडमले फोन लावतो, त म्हणे नोको, तिच्या हाती यील तवा यील.” सत्यशीलाने चिठ्ठीखालचा फॉर्म पाहिला. जागेवर क्लोरीन आहे की नाही, ते लिहायच्या रकान्यात बाबा दरवेळी ‘आहे’ असं ठसठशीत लिहायचे, त्या ‘आहे’लाही दोन वेगळ्या रेघा असायच्या. आज तो रकाना कोरा होता.

कोरा रकाना पाहिल्याबरोबर तिच्या मनात जे आलं त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. नमुना नाकारता येतो. फॉर्म अपुरा, झाकण सैल, नमुना उशिरा पोचला. कारणं छापील आहेत, नुसती खूण करायची. मग लोणदरीला कळवायचं की ऑक्टोबरात पुन्हा पाठवा. कोणी विचारणार नाही. ती खूण करायला पेन उचलण्याइतकी पुढे गेली, आणि मग तिला तांड्यावरच्या त्या नळाखालची चपटी, हिरवट शेवाळलेली फरशी दिसली. त्या फरशीवर लहानपणी ती बाबांच्या मागे उकिडवी बसायची. तिने पेन ठेवलं आणि फोन लावला.

“बाबा, तांड्याची बाटली काळी आली.” पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. मग बाबांचा आवाज आला, अगदी बारीक. “काळी म्हंजे, पुरी काळी?” “पुरी.” “बरं. बंद करतो मी तिकडचा व्हॉल्व्ह. घरोघर सांगतो. तू शिक्का मारला का?” “नाही अजून.” “मार ना मंग,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. रागावले होते की काय ते तिला कळेना. साहेबांकडे जाऊन तिने अर्ध्या दिवसाची रजा आणि जागेवर तपासणीची परवानगी एकदमच मागितली, नव्या नमुन्याच्या बाटल्या थर्मासच्या डब्यात घातल्या, काळ्या बाटलीचा कोरा अहवाल पर्समध्ये घडी करून ठेवला आणि साडेअकराची लोणदरीची बस धरली.

खिडकीपाशी बसल्यावर तिला तो वास आला. खरं तर बसमध्ये ओल्या छत्र्यांचा आणि डिझेलचा वास होता, पण बाबांची आठवण आली की तिच्या नाकाला आधी टीसीएलचा वास यायचा. पाण्यात टाकायची पांढरी, डोळे चुरचुरवणारी ती पावडर. बाबांच्या बोटांच्या बेचक्यांत तो वास मुरलेला असायचा. आई म्हणायची, याच्या हातची भाकरी खाल्ली तर पोटातले जंतूही मरतील. शाळेत पोरी तिच्या वेणीचा वास घेऊन नाक मुरडायच्या, आणि एकदा रडत घरी आलेल्या सत्यशीलाला बाबांनी कडेवर घेऊन टाकीच्या शिडीपर्यंत नेलं होतं. वर चढू दिलं नाही. खालूनच म्हणाले, “हे पाय, एवढ्या पाण्यात किती पावडर टाकावं हे कोनी सांगू शकत नाई. जास्त झाली त लोक पेत नाईत, नाल्याचं पाणी भरते. कमी झाली त लोक पेते अन् मरते. या दोहीच्या मंधात जो बारीकसा वास असते ना, तो मले येते.” तिला तेव्हा ते जादूसारखं वाटलं होतं. आता प्रयोगशाळेत बसून त्याला काय म्हणतात ते ती दशांश चिन्हासकट सांगू शकली असती, तरी ते जादूसारखंच वाटत होतं. बाकीच्या गावांचे पाणीवाले टाकीपाशी वास घेतात आणि घरी जातात. सगळ्या बाटल्या सरपंचाच्या अंगणातल्या एकाच नळाला भरून वर सात वेगळी नावं लिहितात, आणि हे तिला अक्षरांवरूनच कळायचं. एका बैठकीत लिहिलेली सात नावं. बाबा टाकीपाशी थांबत नसत. सकाळी व्हॉल्व्ह सोडला की सायकलवर पाण्याच्या पुढे निघायचे. नाला ओलांडून दीड किलोमीटरवर तांडा, तांड्याच्या टोकाला जमनीबाईचं घर, तिच्या दारातला नळ. पाणी तिथे पोचायला अर्धा तास लागे. बाबा फरशीवर बसून वाट पाहात. नळ आधी खोकायचा, मग गढूळ थुंकायचा, मग धार लागायची. बाबा ओंजळ धरायचे, नाकापाशी न्यायचे, डोळे मिटायचे, आणि मग ती ओंजळ पिऊन टाकायचे. तोवर तांड्यातली एक बाई हंडा लावत नसे. “शेवटच्या नळाचं पहिलं पाणी मी पेतो,” ते सांगायचे, “मंग मधातल्या लोकायची फिकीर नाई.” गावातल्या बाकी लोकांना यात नवल वाटत नसे. सत्यशीलाला मात्र पुसदला आल्यावर, परीक्षा देऊन, नोकरीला लागून, कितीतरी गावांचं पाणी पाहिल्यावर कळलं होतं की आपला बाप केवढा मोठा माणूस आहे. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. रविवारी विहारात पंचशील म्हणताना बाबांचा आवाज सगळ्यांत मागून, अर्धा ताल उशिरा यायचा, आणि तिला उगाचच वाटायचं की चौथं शील, खोटं न बोलण्याचं, तेवढं ते जरा जोरात म्हणतात.

म्हणजे मग काय झालं? आळस? बासष्टाव्या वर्षी सायकल मारवत नाही म्हणून तांड्यापर्यंत जाणं सोडलं? तिला बाबांचा राग आला, आणि राग आल्याबद्दल स्वतःचाही. घाटाच्या वळणावर बस थांबली तेव्हा पुढच्या दाराने हातातलं गाठोडं सावरत एक म्हातारी चढली आणि सरळ तिच्या शेजारी येऊन बसली. “गोविंदाची छोरी ना तू?” कपाळावरचा घुंगटो मागे सरकवत ती म्हणाली. जमनीबाईच होती. दंडातल्या पांढऱ्या बांगड्या, बलिया, पार पिवळ्या पडलेल्या, पण आवाज तोच, धारेसारखा. आर्णीकडच्या तांड्यावर लेकीकडे गेली होती, नातीची तीज होती. नऊ दिवस टोपल्यांतल्या गव्हाला पोरींनी पाणी घातलं, गाणी झाली, काल विसर्जन. “इकडं उतरून चुलत सासऱ्याले भेटली, आता घरी. तुझा बाप वाट पायत असन माही. दहा दिस झाले.” सत्यशीलाने हसून विचारलं, बाबा तुमची कशाला वाट पाहातील. “मी नाई त पाणी कोन हुंगन?” जमनीबाई इतक्या सहज म्हणाली, की सत्यशीलाला आधी अर्थच लागला नाही. “रोज तो ओंजळ धरते, माह्या नाकापाशी आनते. मी सांगते, आज हाये, आज नाई, आज लई झालं. मंग तो पेते. त्याले कुठं वास येते आता? कोरोनापासून नाई येत.” मग तिने पदराने तोंड झाकलं. “कोनाले सांगू नोको म्हनलतं त्यानं. पन तू त घरचीच.”

बस चालू लागली. गेल्या दिवाळीत दूध उतू जाऊन जळलं होतं आणि बाबा चुलीशेजारी बसून पेपर वाचत होते. सगळे धावले, आई ओरडली, बाबांनी मान वर करून विचारलं, काय झालं, आणि सत्यशीला हसली होती. हसली होती! शाळेच्या खोलीत चौदा दिवस एकटे काढून ते परत आले तेव्हा तिने फोनवर ताप विचारला, ऑक्सिजन विचारला, जेवण विचारलं. वास येतो का, हे विचारलंच नाही. तिच्या कपाटात अत्तराची एक बाटली होती, बाबांनी तिच्या लग्नात स्वतः दुकानात हुंगून, चार बाजूला सारून पाचवी निवडलेली. ज्या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट सगळ्या गावापेक्षा चांगली केली, त्याच्याकडून तीच गोष्ट एका तापाने काढून नेली, आणि तो दुसऱ्या दिवशी सायकल काढून कामाला गेला. बाबांकडे तपासणीचा डबाही होता, तिनेच दिलेला. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. लहान पोरालाही जमेल. टाकीपाशी तो वापरत असणार, तिथे कोणी नसतं. पण जमनीबाईच्या फरशीवर, सगळ्या तांड्यादेखत? तिथे नळी काढली असती तर कोणीतरी विचारलंच असतं, काका, आज हे कायले? तिने शेजारी पाहिलं. जमनीबाई गाठोड्यातून तिजेच्या कोवळ्या पिवळ्या गव्हाची जुडी काढून तिच्या हातात देत होती. चार वर्षं या बाईने आपलं नाक एका माणसाला उसनं दिलं होतं, आणि त्याची वाच्यताही केली नव्हती.

लोणदरीच्या अलीकडे, नाल्याच्या पुलापाशीच, माणसं दिसली म्हणून त्या दोघी तिथेच उतरल्या. पुलाशेजारी रस्ता खणलेला होता आणि खड्ड्यात कमरेइतक्या गढूळ पाण्यात बाबा उभे होते. सकाळच्या फोननंतर त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला होता, तांड्यात घरोघर जाऊन पाणी उकळून प्या, भरलेलं ओता असं सांगितलं होतं, आणि मग कुदळ घेऊन लाईनवर चालत येऊन बरोबर ही जागा धरली होती. पाइपाचा सांधा उसवला होता. पाणी चालू असलं की आतलं बाहेर जायचं, बंद झालं की नाल्यातली घाण आत ओढली जायची आणि उरलासुरला क्लोरीन तिथेच खपायचा. टाकीपाशी मात्र नळी रोज पिवळी होत होती. बाबांचा चेहरा ओढलेला होता, गालफडं बसली होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, तिच्यामागे जमनीबाईकडे पाहिलं, आणि काय ते समजले.

काठावर तांड्यातला पूनमसिंग उभा होता. त्याचा नातू जुलाब लागून कालपासून सरकारी दवाखान्यात सलाईनवर होता. आता बरा होता, पण रात्रीची भीती त्याच्या डोळ्यांतून गेली नव्हती. “काका,” तो म्हणाला, ओरडला नाही, त्यामुळे ते अधिक लागलं, “तुमी त रोज वास घेत व्हते ना? आमी तुमच्या भरोशावर पेत व्हतो.” सत्यशीला पुढे होणार होती. सांध्याचं सांगणार होती, नाल्याचं, की हे वासाने कळलंच असतं असं नाही. बाबांनी तिला हातानेच थांबवलं. खड्ड्याच्या काठाला दोन्ही तळवे टेकून ते वर आले, लुंगी पिळली आणि सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. “नाई येत मले वास,” ते म्हणाले. “कोरोनापासून नाई येत. जमनीबाई हुंगे अन् मी फक्त पेओ. ती तिजेले गेली, तवापासून मी अंदाजानं चाललो. चार दिसाआधी माहं पोट चालू झालं. मी समजलो, हे पाण्याचंच हाये. टाकीत पावडर वाढवली, टाकीवर नळी पिवळी आली. त म्हनलं आपलाच भरम असन. तरी मन मानेना, म्हनून बाटली भरली अन् पुसदले नेली. पन तवाच तुमाले सांगाले पाह्यजे व्हतं, उकळून प्या म्हनून. ते दोन दिवस मी चूप राह्यलो. सांगतलं असतं त माह्या नाकाचंही सांगा लागलं असतं. पूनमसिंग, तुहा नातू त्या दोन दिवसातला हाये.”

नाल्याचं पाणी वाहात होतं, पुलावरून एक मोटारसायकल गेली, पलीकडे सोयाबीनच्या शेतात कोणीतरी उभं राहून इकडे पाहात होतं. सत्यशीलाला त्या क्षणी बाबांचा फार अभिमान वाटला. हा माणूस दुसरं काहीही म्हणू शकला असता. पाइप जुना आहे, ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय, पाऊस फार झाला, आणि यातलं एकही खोटं नव्हतं. मग काठावरची कुदळ उचलून पूनमसिंग खड्ड्यात उतरला. “तुमी बसा,” तो म्हणाला. “पोट चालू असलेला मानूस कायले पान्यात उभा राह्यते?”

सांधा बदलून व्हायला चार वाजले. बाबा पुलाच्या कठड्यावर बसून सांगत होते आणि पूनमसिंग करत होता. मध्येच सत्यशीला त्यांच्याजवळ जाऊन बसली. मीठ-साखरेचं पाणी तिने आईकडून मागवलं होतं, ते बाबा लहान पोरासारखे घोट घोट पीत होते. “बाबा, मला फोन का नाही केला? वास नाही येत, एवढं तरी मला?” त्यांनी पेला हातात फिरवला. “तुले काय सांगू बाई. तू इतकी शिकली, तुह्या लॅबमंदी एवढ्या मशिनी. माह्यापाशी तेवढंच व्हतं.” मग पेला खाली ठेवून म्हणाले, “अन् सांगतलं नाई कसं? जमनी नव्हती. मंग मी तुह्याकडं आनलं. तुले हुंगाले.” परवा हा माणूस चालतं पोट घेऊन, एक बाटली छातीशी धरून एसटीने पुसदला आला होता, लेक नाही म्हटल्यावर बाटली ठेवून तसाच परत गेला होता, फोन करू नका म्हणून सांगून. कारण फोनवर लेकीने बापाचं ऐकलं असतं, आणि त्याला बाटलीचं ऐकायचं होतं. तिने पर्समधून अहवालाची घडी काढली, मांडीवर डबा घेऊन लिहिलं. नमुना घेणाऱ्याचं नाव, जागा, निष्कर्ष: पिण्यास अयोग्य. कोऱ्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. सकाळी नमुना नाकारायची खूण करायला आपण पेन उचललं होतं ते तिला आठवलं, आणि ते तिने बाबांना सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली. “मलेही दोन दिस तसंच वाटत व्हतं,” म्हणाले, आणि खाली सही केली, प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ देऊन.

व्हॉल्व्ह सोडल्यावर बाबांना पूनमसिंगच्या मोटारसायकलवर मागे बसवून तांड्याला नेलं. सगळा तांडा जमनीबाईच्या दारात जमला होता, हंडे नव्हते, नुसती माणसं. नळ खोकला, थुंकला. जास्तीची पावडर घातलेलं पाणी बराच वेळ वाहू दिलं. मग बाबा शेवाळलेल्या फरशीवर बसले, खिशातून तपासणीची नळी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरून थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. पोरं पुढे सरसावली. बाबांनी ओंजळ भरून जमनीबाईसमोर धरली, तिने वाकून हुंगलं आणि म्हणाली, “हाये. मस्त हाये.” नेहमीप्रमाणे त्यांनी ओंजळ तोंडाकडे नेली.

सत्यशीलाने त्यांचं मनगट धरलं. “नाही बाबा. आधी बाटली. दोन दिवस.” ती तपासनीसाच्या आवाजात बोलली होती. सव्वीस वर्षांत शेवटच्या नळाचं पहिलं पाणी प्यायल्याशिवाय हा माणूस या फरशीवरून उठला नव्हता. बाबांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच बोटं सैल केली, ओंजळीतलं पाणी फरशीवर गेलं, आणि ते ओले हात तसेच मांडीवर ठेवून ते बाजूला सरकले, तिला नळापाशी जागा करून देत. “बरं,” ते म्हणाले. “तू सांगशीन तवा पेईन.”

ती उकिडवी बसली, बाटलीचं झाकण काढलं आणि धारेखाली धरली. भरल्यावर चिठ्ठीवर लिहायला लागली, ‘लोणदरी. तांडा. शेवटचा नळ.’